रेडिओ गप्प झाला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. साधीसुधी नव्हे, सलूनमधली. माझ्या बाजूला एक दांडा आहे, तो हापसला की मी वर जाते आणि दाबून धरला की खाली येते. मला मान टेकायला उशी आहे आणि मी गर्रकन स्वतःभोवती फिरू शकते. त्यामुळे घरातल्या खुर्च्यांशी माझी तुलना करू नका, मला राग येतो. अशी ही मी, मोठी मिजासखोर, पण सध्या पार हादरून गेले आहे. जे पाहिलं ते अजून पचनी पडलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका कामगाराने माझा सांगाडा जोडला, दुसऱ्याने त्यावर लाल रेक्झिन ताणून बसवलं. पहिली काही वर्षं मी एका झगमगीत सलूनमध्ये काढली. तिथे माझं फार कौतुक झालं. पुढे नव्या फॅशनच्या खुर्च्या आल्या आणि मला मागच्या दाराने बाहेर काढलं. माझी रवानगी झाली ती गोदामांच्या मागच्या एका वस्तीत. छोटंसं दुकान, एकच आरसा, वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाक आणि मागे पडदा लावलेली एवढीशी खोली. मी आधी नाकच मुरडलं.

पण दुकानाचे मालक मला आवडले. त्यांना सगळी वस्ती ‘रेडिओ’ म्हणायची, कारण त्यांचं तोंड कधी बंदच नसायचं. कात्री चालायची तशी जीभ चालायची. कोणाच्या घरी भांडण झालं, कोणाच्या छपराला गळती लागली, सगळ्या बातम्या ताज्या. लहान मुलं केस कापताना रडायला लागली की ते कात्रीलाच रागवायचे, मग मुलं हसायची. मीही त्यांच्या बडबडीला सोकावले होते.

त्या वस्तीत माणसं काबाडकष्ट करणारी. मन आजारी पडलं तर डॉक्टर इतका लांब की जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. म्हणून आरोग्य केंद्राने आमच्या समोरच एक खोली घेतली आणि बाहेर ठळक पाटी लावली, ‘मानसिक आरोग्य केंद्र’. झालं! लोक त्या बाजूने चालायचेच बंद झाले. आत जाताना कोणी पाहिलं तर उद्या वेडा म्हणून बोट दाखवतील, ही धास्ती. तिथल्या नर्सताई दिवसभर माश्या मारत बसायच्या आणि खिडकीतून आमचा भरलेला बाक बघायच्या.

एक दिवस त्या सरळ आमच्या दुकानात आल्या. त्यांनी रेडिओदादांना विचारलं, तुमच्याकडे सगळेच येतात, तर थोडं ऐकायला शिकाल का? कोणाला झोप लागत नसेल, कोणाचं कशातच लक्ष लागत नसेल, तर त्याला हळूच पडद्यामागे माझ्याकडे पाठवा, मी आठवड्यातून एकदा तिथे येऊन बसेन. महिन्यातून एकदा डॉक्टरही तिथेच येतील. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, केस कापायला आलाय. रेडिओदादा खूश झाले. ताईंनी त्यांना काय विचारायचं आणि कधी गप्प राहायचं ते शिकवलं. शेवटी एक गोष्ट बजावली, या खुर्चीत कोणी मनातलं सांगितलं तर ते माझ्याशिवाय कोणाच्याही कानावर जाता कामा नये.

पहिला धक्का मला लवकरच बसला. गोदामात पोती वाहणारा एक धिप्पाड हमाल आमच्याकडे यायचा. कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही, म्हणून त्याला ‘घुम्या’ म्हणायचे. त्या दिवशी रेडिओदादा त्याचे केस कापता कापता थांबले आणि त्यांनी साधंच विचारलं, बरा आहेस ना? तो पहाडासारखा माणूस माझ्यावर बसून हमसून हमसून रडला. त्याला रोज वाटायचं की आपण कोणालाच नको आहोत. मित्रांनो, त्याचं वजन मी कितीदा पेललं होतं, पण त्याच्या मनावर एवढं ओझं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ताईंनी त्याला डॉक्टरांकडून औषध सुरू करून दिलं. हळूहळू तो सावरला.

मग एकामागून एक माणसं बोलू लागली. सगळ्यांशी हसून खेळून वागणारा बसचा कंडक्टर, रुबाबदार मिशांचा पहारेकरी, शाळेतले कडक मास्तर. बाहेर हसणारी ही माणसं आतून अशी पोखरलेली! मी रोज नव्याने थक्क व्हायचे. आमचं बघून पलीकडच्या वस्तीतली इस्त्रीवाली मावशीही ताईंकडून शिकून गेली. काम वाढत होतं, सगळे रेडिओदादांची पाठ थोपटत होते.

आणि इथेच घोटाळा झाला. एकदा नेहमीच्या गप्पांच्या ओघात कोणाचंतरी गुपित त्यांच्या जिभेवर आलं. त्यांनी जीभ चावली, शब्द गिळला. पण घाबरले ते घाबरलेच. आपल्या तोंडाचा भरवसा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी बोलणंच कमी केलं. आधी बातम्या बंद झाल्या, मग थट्टा. घरी बायकोशीही ते बोलेनासे झाले, असं वहिनी एकदा डबा द्यायला आल्या तेव्हा कळलं. लोकांची दुःखं कानातून आत जात होती आणि बाहेर पडायला वाट नव्हती. त्यांची झोप गेली, जेवणाचा डबा तसाच परत जाऊ लागला. दिवसभर दुसऱ्यांच्या दाढ्या करणाऱ्या माणसाची स्वतःची दाढी वाढू लागली.

कोणाच्या लक्षात आलं असेल? छे! आरशात जो तो आपलाच भांग बघत होता. उलट गिऱ्हाइकं चेष्टा करायची, काय हो, आज रेडिओला स्टेशन लागत नाही का? बाकावर हशा पिकायचा. ताई दर आठवड्याला यायच्या, कोण कसं आहे ते विचारायच्या आणि घाईने पुढच्या वस्तीत जायच्या.

एका सुट्टीच्या दिवशी भर दुपारी शटर अर्धंच वर गेलं. रेडिओदादा एकटेच आत आले आणि माझ्यावर बसले. मित्रांनो, इतक्या वर्षांत ते एकदाही माझ्यावर बसले नव्हते. कारागिराने गिऱ्हाइकाच्या जागी बसायचं नाही अशी त्यांची शिस्त. कितीही दमले तरी बाकावर टेकायचे. ते किती हलके झाले होते! आरशाकडे बघून ते पुटपुटले, “बास झालं आता. नको हे जगणं.”

मी थिजले. ज्यांनी एवढ्या जणांना सावरलं, त्यांनीच हे म्हणावं? ओरडावंसं वाटलं, पण लाकडालोखंडाला कुठून आवाज येणार? असा असहायपणा मी कधी अनुभवला नव्हता.

तेवढ्यात शटरखालून वाकून घुम्या आत आला. त्याला ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता, म्हणून दाढी करायला आला होता. मालकांना माझ्यावर बसलेलं पाहून तो जागीच थांबला.

“दादा, दाढी का वाढवली?” त्याने विचारलं.

“हात उचलवत नाही रे,” रेडिओदादा म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं.

घुम्या त्यांच्या मागे, माझ्या पाठीला धरून उभा राहिला. मग त्याने ताईंना फोन लावला. रेडिओदादा बरे नाहीत, मी इथून हलत नाही, तुम्ही या, एवढंच तो म्हणाला. ताई घरच्याच कपड्यांत, तशाच धावत आल्या. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का, असं त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं. रेडिओदादांनी होकारार्थी मान हलवली. ताईंनी लगेच डॉक्टरांना फोन केला आणि वहिनींना बोलावून घेतलं. त्या दिवसापासून बरेच दिवस त्यांना कोणी एकटं सोडलं नाही.

“मला का नाही सांगितलंत?” ताईंनी विचारलं.

“तुम्हीच म्हणालात ना ताई, या खुर्चीतलं कोणाला सांगायचं नाही. मला वाटलं, माझंही आलं त्यात.”

ताई बाकावर बसल्या. “आणि मी दर आठवड्याला येऊन फक्त बाकीच्यांची चौकशी करत राहिले,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर ताईंनी नवा रिवाज पाडला. ऐकणारी सगळी माणसं, म्हणजे रेडिओदादा, इस्त्रीवाली मावशी आणि नव्याने शिकलेले इतर, सुट्टीच्या दिवशी आमच्या दुकानात जमू लागली आणि स्वतःबद्दल बोलू लागली. पण रेडिओदादा औषधासाठी लांबच्या दवाखान्यातच जायचे. आपल्याच दुकानात, पडद्यामागच्या डॉक्टरांकडे जायला ते तयार नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याच्या वस्तऱ्याखाली कोण मान देईल? वहिनींनी समजावलं, ताईंनी समजावलं, व्यर्थ. लांबचा प्रवास जमेना, एकदोन खेपा चुकल्या आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं परत दिसू लागली. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.

मग डॉक्टरांचा दिवस आला. बाक भरलेला होता. माझ्यावर किराणा दुकानदार बसले होते, वस्तीतले सगळ्यात चोखंदळ गिऱ्हाईक. त्यांची अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालावर फेस होता. पडद्यामागून ताईंनी विचारलं, पुढचं कोण? कोणी उठलं नाही. रेडिओदादांचा हात थांबला. त्यांनी वस्तरा पुसून खाली ठेवला.

“मी आहे,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “मला मनाचा आजार आहे. औषध चालू आहे.”

आणि ते पडद्याआड गेले. मला वाटलं, आता हे शेठ तोंड पुसून उठणार, त्यांच्यामागून बाकही रिकामा होणार आणि दुकानाला कायमचं कुलूप लागणार.

बऱ्याच वेळाने रेडिओदादा बाहेर आले. बाकावरचं एकही माणूस हललं नव्हतं. माझ्यावरचे शेठही नाहीत. रेडिओदादा माझ्यामागे येऊन उभे राहिले, पण वस्तऱ्याला हात लावायचं त्यांना धाडस होईना.

“साबण वाळला हो,” शेठ कुरकुरले, “परत लावा.” आणि त्यांनी डोळे मिटून, डोकं माझ्या उशीवर टेकवून, गळा पुढे केला.

मित्रांनो, माझ्या रेक्झिनला भेगा पडल्या आहेत, दांडाही कुरकुरतो. माझी डागडुजी करा असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरात, शाळेत, गल्लीत असं एखादं माणूस असेल, जे सगळ्यांची विचारपूस करतं. आज त्याच्याजवळ जा आणि त्याला विचारा, तू कसा आहेस. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.