भिंतीवरची खुर्ची

वाल्मिकरावांनी बादलीभर पाणी भिंतीवरच्या चित्रावर फेकलं. रंग कालच वाळला होता; पाणी नुसतं ओघळलं आणि स्टुलावर उभ्या असलेल्या सुकन्याची सलवार गुडघ्यापर्यंत भिजवून गेलं.

"खाली उतर."

ती उतरली. समोरच्या हॉटेलातली दहा-बारा माणसं एव्हाना ग्रामपंचायतीच्या आवारात येऊन उभी राहिली होती. एकानं मोबाईल वर धरला होता.

ग्रामपंचायतीची भिंत रंगवायला 'महिला सक्षमीकरण' एवढाच विषय तिला दिला होता. तिनं मोठं टेबल काढलं, त्यावर 'सरपंच' अशी पाटी. खुर्चीत कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला एक पुरुष, त्याला तोंड नाही. आणि बाजूला उभी राहून, टेबलावर वाकून, तो बोट ठेवील तिथं सही करणारी बाई.

सुकन्या नगरला फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करायची. दोन वर्षांपूर्वी चांगुणाबाई सरपंच म्हणून निवडून आल्या, तेव्हा अभिनंदनाचा फलक तिनंच केला होता. त्यांच्या नवऱ्याचे, वाल्मिकरावांचे, तीन फोन आले. प्रत्येक फोनला त्यांचा फोटो वाढत गेला. शेवटी नव्या सरपंचबाई कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढ्या उरल्या. हे काम मिरजगावच्या अलीकडच्या त्याच गावाचं आहे म्हटल्यावर ती लगेच हो म्हणाली होती.

"खुर्चीत कोन हाय?" वाल्मिकरावांनी विचारलं.

सुकन्यानं वाकून ओली सलवार पिळली.

"आता वाचा बसली व्हय? घे ब्रश. तुझ्या हातानं पूस."

"मी नाही पुसणार."

त्यांनी लाथेनं रंगाचा डबा उडवला. निळा रंग तिच्या पिशवीवर सांडला. माणसांतून कुणीतरी हसलं.

"भाऊसाहेब! अर्ज लिवा. महिला सरपंचाची बदनामी केली म्हनून. पोलिसांत देऊ हिला, मंग कळंल चित्रं कशी काढत्यात. आन् आमच्या मंडळीला बोलवून घ्या सहीला."

ग्रामसेवक अमृत मान खाली घालून आत गेला.

अर्ध्या तासानं चांगुणाबाई आल्या. कांदा काढायला गेल्या होत्या, हातांना माती तशीच होती. त्या भिंतीसमोर थांबल्या. चित्रातल्या वाकलेल्या बाईकडे बघत राहिल्या. सुकन्याला वाटलं, आता बाई काहीतरी चांगलं बोलतील. ती एक पाऊल पुढं झाली.

"तुला कुनी सांगितलं माझं चित्र काढायला?"

"बाई, मी तुमच्याच बाजूनं..."

"मला इचारलं हुतं?" आवाज हळू होता, पण त्यात जरासुद्धा माया नव्हती. "तू सांजच्या एसटीनं नगरला जाशील. मला ह्याच घरात भाकरी थापायची हाय."

सुकन्यानं खाली सांडलेल्या रंगाकडे पाहिलं.

अमृतनं कागद पुढं केला. "वहिनी, हितं सही."

त्यांनी पेन घेतलं. मग कागद उन्हात धरला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागल्या. ओठ हलत होते.

"वाचती काय? कर सही," वाल्मिकराव म्हणाले.

बोट पुढं सरकत राहिलं. तिसऱ्या ओळीवर थांबलं.

"'खुर्चीत दाखवलेली व्यक्ती माझे पती आहेत.' हे कुनी लिवलं?"

"दादांनी सांगितलं तसं लिहिलं," अमृत पुटपुटला.

"त्याला तर तोंडच न्हाई. मी कशाला सांगू, ह्यो माझा नवरा हाय म्हनून?"

पुन्हा कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. चांगुणाबाईंनी कागदाची घडी घातली आणि अमृतच्या हातात दिली.

"घरी चल," वाल्मिकराव म्हणाले. त्यांच्या मानेची शीर फुगली होती.

"येते. भाऊसाहेब, आत पांढऱ्या रंगाचा डबा हाय ना? आना. आत्ताच्या आत्ता भिंत पांढरी करायची."

सुकन्या चमकली. अमृतनं सवयीनं वाल्मिकरावांकडे पाहिलं.

"काय गरज न्हाई," वाल्मिकराव ओरडले. "ऱ्हाऊ दे चित्र! मी सांगंल तवा पुसायचं. कुनी हात लावायचा न्हाई!"

अमृत जागचा हलला नाही.

"तिकडं काय बघता?" चांगुणाबाई म्हणाल्या. "मी सांगते."

अमृतनं एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिलं. मग तो आत गेला आणि डबा आणि ब्रश घेऊन आला. वाल्मिकराव तसेच उभे होते. माणसं एकेक करून हॉटेलकडे सरकली, तेव्हा तेही निघाले.

अमृतच्या हातातला ब्रश सुकन्यानं मागून घेतला. ती स्टुलावर चढली. तिनं पांढऱ्या रंगाचा पहिला हात फिरवला. चांगुणाबाई मागं उभ्या राहून बघत होत्या. घरी गेल्या नाहीत.

तासाभरानं सुकन्या खाली उतरली.

"वरचा कोपरा ऱ्हायला," चांगुणाबाई म्हणाल्या.

ती पुन्हा वर चढली.