रुखवतातली कादंबरी

घोडेगावच्या वाचनालयात ती कादंबरी माझ्या हाती आली, तेव्हा तिला पुठ्ठा नव्हता आणि शेवटची पानंही गळाली होती. नायिका नवऱ्याचं घर सोडून दूरच्या गावी शाळेत नोकरी धरते. एका संध्याकाळी नवरा तिला न्यायला येतो, कडी वाजते, आणि तिथेच पानं संपत. ती परत गेली असणार, असं मी धरून चालले. मीही त्याच वर्षी माहेरून परत नांदायला गेले होते.

यंदा त्या कादंबरीची भेट-आवृत्ती निघाली. कापडी बांधणी, सोनेरी कडा, वर नक्षीचा खोका. भावाच्या नातीच्या, प्राचीच्या लग्नासाठी मी ती पुण्याहून मागवली. द्यायच्या वस्तूचं प्लास्टिक आपण फाडायचं नसतं. प्राची वाचेल आणि मला शेवट सांगेल, एवढंच मनात होतं.

भावजयीने तो खोका रुखवतात, चिरोट्यांच्या ताटाशेजारी मांडला. रुखवताबरोबर तो महाळुंगे पडवळला प्राचीच्या सासरी गेला आणि शोकेसमध्ये बसला.

"आत्याआजी, सासूबाई प्लास्टिक काढू देत नाहीत," प्राची फोनवर म्हणाली.

शेवटी मीच गेले. चहा झाल्यावर तिच्या सासूला, केशरबाईंना म्हटलं, "विहीणबाई, ते पुस्तक काढा. मला शेवट वाचायचाय."

"अवो, शोभेचं हाय ते! बाया बघाया येत्यात."

"वाचायचं आहे ते."

"मंग देताना का न्हाई वाचलं?"

"देताना कुणी उघडून देतं का?"

"आन आमी घेतलेलं फाडायचं व्हय?" त्या हसल्या. पण पाहुणीने मागितलेलं नाही कसं म्हणणार? प्राचीने सुरी आणली. "दे हिकडं, वाकडं कापशील," म्हणत केशरबाईंनी स्वतःच प्लास्टिक कापलं.

मी शेवटची पानं वाचली. ती दार उघडते, नवऱ्याला पाणी देते, परतीच्या गाडीची वेळ सांगते आणि मुलींच्या वह्या तपासायला बसते. इतकी वर्षं मी तिला उगाच परत पाठवत होते.

"काय व्हतं मंग?" केशरबाईंनी विचारलं.

"जात नाही ती."

"न्यायला आला तरी?"

"तरी."

"लईच हाय की बया!" त्यांनी पुस्तक घेऊन प्राचीच्या हातात दिलं. "वाच गं पयल्यापासनं. मोठ्यानं वाच."

रिकामा खोका मात्र त्यांनी पुसून शोकेसमध्ये परत ठेवला.