निळा मणी

"अंडीच खराब आहेत, सर," सरांचा संशोधक विद्यार्थी क्रिस्पिन म्हणाला. माझ्या तोंडावर!

स्कॉटलंडमधल्या डंडीच्या या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मी कोंबडीच्या अंड्यांना खिडक्या पाडते आहे. कवचाला नाण्याएवढं भोक, आत तीन-चार दिवसांचा जीव, त्याला पंखाची कळी फुटलेली. त्या कळीच्या मागच्या कडेला एक जनुक जागं असतं. तिथून निघालेला निरोप ठरवतो, कुठलं बोट कुठे येणार. त्याच निरोपाच्या द्रवात एक इवला निळा मणी भिजवून पुढच्या कडेला ठेवला, तर तीनऐवजी सहा बोटं यायला हवीत. खिडक्या मी पाडून दिल्या, मणी क्रिस्पिनने ठेवले; त्या चाळीस अंड्यांत तीनच आली.

प्रोफेसर कॅथकार्ट मला म्हणाले, "इशबेल, वय कुणाला चुकलंय? एक तारखेपासून तू काचसामान धुवायला बस. अंडी क्रिस्पिन उघडेल."

डोक्यात तिडीक गेली. नाचता येईना अंगण वाकडं! दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याची ताजी अंडी भिंगाखाली घेतली. प्रत्येकात निळा मणी मागच्या कडेला. अरे, तिथे निरोप आधीच आहे की! गर्भ कुशीवर वळतो आणि पुढची-मागची कड फसवते, हे या पठ्ठ्याने कधी पाहिलंच नव्हतं.

त्याच दिवशी मी तीन अंडी उघडली, मणी पुढे ठेवले. आठवड्याने, आतली बोटं दिसावीत म्हणून पंख रंगवले आणि बशी सरांच्या टेबलावर आपटली. सहा बोटं, मधोमध आरसा धरल्यासारखी.

"वा!" सर खुर्चीतून उठलेच. "क्रिस्पिन, तुझ्या प्रबंधाचं पहिलं चित्र!"

"सर, ते मी केलंय. त्याने मणी उलट्या बाजूला ठेवले होते."



"हो गं, मग त्याला शिकव ना. एक तारखेला चार दिवस आहेत."

"म्हणजे मी धुवायलाच?"

"ठरलंय ते आता."

एकतीस वर्षं! थू तुमच्या ठरण्यावर. हे मी मोठ्याने म्हणाले नाही, याची अजून चीड येते.

"बसा दोघंही," मी म्हणाले. नवं अंडं घेतलं, चिमटा उचलला. हात रागाने थरथरत होता. असल्या हाताने मी जिवंत अंड्याला शिवत नाही.

चिमटा खाली ठेवला. सरांनी घड्याळ पाहिलं. मी हात मांडीवर घेतले आणि ते निवेपर्यंत दोघांना बसवून ठेवलं.