पहिल्या मजल्यावरची मोटरसायकल

मित्रांनो, मला जुनी म्हणा, सेकंडहँड म्हणा, मी रागावणार नाही. लांबुडकी आणि जडशीळ म्हणा, तेही खरंच आहे. फक्त भंगार म्हणू नका. तो शब्द मी एकदा अगदी जवळून ऐकला आहे. अजून आठवला की टाकीतलं पेट्रोल गोठतं.

मी क्रूझर जातीची मोटरसायकल. आमचं हँडल उंच आणि रुंद असतं, सीट खोलगट असते. आमच्यावर बसणारा माणूस वाकून, दात-ओठ खात जात नाही. आरामखुर्चीत बसल्यासारखा पाय पुढे टाकून जातो. आमचा जन्म लांबच्या रस्त्यांसाठी. आणि माझ्या नशिबी काय आलं, तर भाईंदर पूर्वेच्या एका इमारतीतली पहिल्या मजल्यावरची गॅलरी. ते कसं झालं, ते सांगते.

मला पहिल्यांदा घेतलं भावेश नावाच्या तरुणाने. त्याला गाडी चालवायची नव्हती, दाखवायची होती. रोज संध्याकाळी स्टेशनबाहेर मला उभं करून तो माझ्यावर रेलून गप्पा मारायचा. त्याचं लग्न झालं, घरात चारचाकी आली, आणि मी काशीमीऱ्याच्या एका गॅरेजबाहेर 'विकणे आहे' ही पाटी गळ्यात घालून उभी राहिले. हायवेवरून ट्रक जायचे आणि त्यांची धूळ माझ्या सीटवर बसायची. दुसरं कुणी बसत नव्हतं.

तिथेच मला उत्तम आणि अंबिका भेटले. हे नवराबायको गिरगावातली उत्तमच्या आईची खोली सोडून नुकतेच भाईंदरला राहायला आले होते. उत्तम एका औषध कंपनीच्या ऑफिसात होता, अंबिका एका पतसंस्थेत. उत्तम माझ्या टाकीवरून हात फिरवत राहिला. अंबिका मात्र ओढणी कमरेला बांधून उकिडवी बसली आणि तिने माझ्या चेनला बोट लावलं.

"सुकलीय हो ही," ती म्हणाली. "कोणी तेलच दाखवलं नाहीये हिला."

मी मनात म्हटलं, न्यायचं असेल तर हिनेच मला न्यावं.

आता चेनचं थोडं सांगते, कारण माझं सगळं सुखदुःख तिच्यात आहे. मला डबल स्टँड नाही, नुसता साइड स्टँड. त्यामुळे मी उभी असताना मागचं चाक जमिनीला टेकलेलंच राहतं, आणि चाक फिरल्याशिवाय चेनला सगळीकडे तेल लागत नाही. मग एकाने मला साइड स्टँडवर तिरकी तोलून धरायची. चाक जमिनीवरून सुटलं, की दुसऱ्याने ते हाताने फिरवत तेल सोडायचं. हे एकट्याचं काम नव्हे. दर रविवारी सकाळी चहा झाला की दोघं खाली यायची. उत्तम मला तोलून धरायचा, अंबिका दात घासायच्या जुन्या ब्रशने चेन घासायची आणि तेल सोडायची. शेजारी विचारायचे, "झाली का पूजा?" मला त्या पूजेची इतकी सवय झाली होती, की शनिवारपासूनच वाट बघायचे.

आणि मग आम्ही फिरायला निघायचो. भंडारदरा, माळशेज, दापोली. घरात अंबिका उत्तमला 'अहो' म्हणायची. घोडबंदरची खाडी मागे पडली की 'उत्तम, तू' सुरू व्हायचं. परत येताना त्याच जागी पुन्हा 'अहो'. दापोलीच्या वाटेवर माझ्या क्लचची केबल तुटली, तेव्हा उत्तमचा चेहरा उतरला. पण अंबिकाने जुन्या केबलच्या अंगालाच एक नवी केबल आधीपासून बांधून ठेवली होती. टपरीवरचा चहा निवायच्या आत दोघांनी ती जोडली. इतकं जपणारी माणसं मिळाल्यावर गाडीला आणखी काय हवं?

दोन हजार पाचच्या जुलैमध्ये ते पाणी आलं. कंपाउंडात आधी घोटाभर, मग गुडघाभर, मग माझ्या इंजिनापर्यंत. तळमजल्यावर धाकूदादा राहायचे. ते खारी गावातले, घरची मिठागरं होती पूर्वी. भरती-ओहोटीच्या बाबतीत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

"उत्तम, बघत काय ऱ्हायलास?" ते म्हणाले. "भरती अजून चढायची हाय. हिला वर न्या. खाली काय खरं न्हाय."

पेट्रोल काढलं, बॅटरी काढली आणि बिल्डिंगमधल्या पुरुषमंडळींनी मला जिन्यातून वर चढवलं. वळणावर कुणाचा तरी अंगठा चेंगरला, कुणी शिवी हासडली. शेवटी गॅलरीचं दोन पाखांचं दार सताड उघडून मला आत ढकललं. अंबिकाने माझ्या टाकीवर थोपटलं. "पाणी ओसरलं की खाली जायचं हं," ती म्हणाली.

पाणी ओसरलं. उत्तम म्हणाला, पावसाळा जाऊ दे. पावसाळा गेला, दिवाळीही झाली. आणि त्यानंतर गिरगावात उत्तमच्या आई, मनोरमाबाई, मोरीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून त्यांना भाईंदरला आणलं.

छोट्या घरात आजारी माणसाला वेगळी खोली कुठून आणायची? आमच्याकडे त्यावर सगळ्यांचा एकच उपाय असतो. गॅलरी आत घ्यायची. बाहेरून बॉक्स ग्रिल लागलं, मधली भिंत गेली, हॉलचा तुकडा जोडून ॲल्युमिनियमचं पार्टिशन उभं राहिलं. त्याला अरुंदसं सरकतं दार बसवलं. उत्तमने आईच्या पलंगाचं माप घेतलं, पंख्याचं घेतलं, औषधांच्या कपाटाचं घेतलं. माझं माप कुणीच घेतलं नाही. मला प्लॅस्टिक पांघरून कोपऱ्यात सरकवलं होतं. कारागीर काम आटोपून गेले आणि अंबिकाने प्लॅस्टिक काढलं. ती माझ्या हँडलकडे बघत राहिली, मग दाराकडे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ही निघायची कशी?"

उत्तमने टेपने आधी दार मोजलं, मग माझं हँडल. मलाही तेव्हाच कळलं, की आपण कोंडले गेलो.

मित्रांनो, रस्त्यावर झिजण्याचं दुःख मला माहीत होतं. न चालता झिजण्याचं दुःख तिथे कळलं. टायरमधली हवा गेली. क्रोमवर तांबूस पुरळ उठलं. माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळू लागले, क्लचच्या दांडीला लसणाची जुडी लटकू लागली, सीटवर गोधड्यांची चळत चढली. ग्रिलमधून रस्त्याचा एक तुकडा माझ्या आरशात पडायचा. रिक्षा, शाळेच्या बस, कुणाची तरी नवी कोरी मोटरसायकल. मी बघत बसायचे आणि जळायचे.

मनोरमाबाईंना मी डोळ्यांसमोर नको होते. "ही घोडी माझ्या उशाशी कशाला बांधलीय?" त्या म्हणायच्या. मीही मनात म्हणायचे, बाई गं, मला तरी कुठे हौस आहे? पण दोघींनाही तिथून हलता येत नव्हतं. पुढे पुढे त्यांनी अंबिकाकडून माझा आरसा आपल्याकडे वळवून घेतला. त्यांनाही पडल्या पडल्या रस्ता दिसू लागला.

अंबिकाने नोकरी सोडली होती. उत्तम घरखर्चासाठी जास्तीचं काम घ्यायचा आणि रविवारी मेल्यासारखा झोपायचा. अशाच एका रविवारी अंबिका तेलाचा डबा घेऊन एकटीच माझ्याजवळ आली. तिने मला साइड स्टँडवर तोलून बघितलं. चाक सुटलं. पण हात दोनच, आणि दोन्ही मला धरण्यात गुंतलेले. तेल कोण सोडणार? तिने मला हळूच टेकवलं, डबा फडताळात ठेवला आणि भाजी चिरायला गेली. तिथे तीही माझ्यासारखीच अडकली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी मनोरमाबाईंना वॉकर धरून उभं राहायला सांगितलं होतं. पण वॉकर पुढे सरकायचा आणि त्या घाबरून पुन्हा पलंगावर बसायच्या. एका सकाळी अंबिका स्वयंपाकघरात असताना त्यांनी वॉकर बाजूला सारला, माझं हँडल दोन्ही मुठींत धरलं आणि अंगातलं सगळं बळ लावलं. मी माझ्या साइड स्टँडवर घट्ट उभी राहिले.

"अंबिका," त्यांनी हाक मारली, "इकडे ये. आणि आरडाओरडा करू नकोस."

अंबिका आली आणि दारातच थबकली. सासूबाई उभ्या होत्या.

त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ मला धरून उभं राहणं सुरू झालं. हँडल हलू नये म्हणून उत्तमने माझं पुढचं चाक दोरीने ग्रिलला आवळून बांधलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. पण दोरी ती दोरीच. मी आता अडगळ नव्हते, आधार होते, आणि आधाराला कुणी सोडत नाही.

असे पावसाळे गेले. दोन हजार नऊ साली आमच्या गॅलरीच्या स्लॅबला खालून तडा दिसला. सोसायटीने इंजिनियर आणला. त्याने वर येऊन मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. हे वजन ताबडतोब उतरवा, असा निरोप आला. उत्तमने काशीमीऱ्याहून भंगारवाल्याला बोलावलं. त्याने दार पाहिलं, माझी लांबी पाहिली.

"साहब, ये पूरी नहीं निकलेगी," तो म्हणाला. "काटके ले जाना पड़ेगा. कल मशीन लेके आता हूँ."

माझी किल्ली कुठे आहे हे सुद्धा त्या घरात आता कुणाला आठवत नव्हतं. मला कोण वाचवणार? उत्तम पार्टिशनला टेकून उभा होता. "काप बाबा," तो म्हणाला, "आता कुठे चालवणार आहोत आम्ही." अंबिका माझी टाकी पुसत होती. स्वच्छ झालेली जागाच ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

"काय कापतोयस, उत्तम?" पलंगावरून मनोरमाबाईंनी विचारलं.

"आई, ही अशी अख्खी निघत नाही गं."

"माझं हाड मोडलं तेव्हा डॉक्टरने पाय कापला का? उघडलं, जोडलं, परत शिवलं. आणि ही तर नुसती नटबोल्टांची. तुम्ही दोघं दर रविवारी हिच्या पायाशी बसलेले असायचात म्हणे. ते सगळं विसरलात?"

उत्तमने माझ्या हँडलवर हात ठेवला. मग म्हणाला, "पण ही गेली तर तू काय धरून उभी राहणार?"

माझी सुटका नेमकी तिथे अडली होती. मी बाहेर जावं तर म्हातारी पुन्हा अंथरुणाला खिळणार, आणि ती उभी राहावी तर मी खिळलेली. अंबिकाने हातातलं फडकं खाली ठेवलं. ती माझ्या रुंद हँडलकडे पाहत होती.

"हँडल इथेच ठेवू," ती म्हणाली. "ग्रिलशेजारच्या त्या खांबाला ठोकून पक्कं बसवू. आईंच्या हाताला तेच सवयीचं आहे. गाडीला दुसरं मिळेल काशीमीऱ्याला."

मनोरमाबाईंनी भंगारवाल्याकडे पाहिलं. "जाव तुम," त्या म्हणाल्या. "मशीन मत लाना."

पुढच्या रविवारी काम निघालं. गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल सोडलं. अंबिकाने आधी दोरी कापली. पुढचं चाक, मडगार्ड, टाकी, सायलेन्सर एकेक सुटत गेलं. नटबोल्ट स्टीलच्या वाट्यांत ठेवले, आणि कुठल्या वाटीत काय आहे ते मनोरमाबाई पलंगावर बसून सांभाळत होत्या. हात काळे झाले तशी त्या दोघांची जीभही सैल झाली.

"उत्तम, तिरकी धर ना जरा," अंबिका म्हणाली. "तू सोडतोयस."

सासूबाईंसमोर ती पहिल्यांदाच त्याला नावाने बोलली होती. तिच्या लक्षातही आलं नाही. मनोरमाबाईंच्या आलं. त्या गालातल्या गालात हसल्या आणि वाटीतले बोल्ट ढवळत बसल्या.

शेवटी हँडल निघालं. उरलेली मी दारातून तिरकी, अंग चोरून, अलगद बाहेर पडले. जिन्यात धाकूदादांचा खांदा पुन्हा माझ्या खाली होता. "चढवताना हलकी व्हती," ते धापा टाकत म्हणाले. "आता जड झाली की काय?"

"दादा, तेव्हा तुम्ही तरुण होता," उत्तम म्हणाला.

खाली मला पुन्हा जोडलं. नवी बॅटरी आली, टायर आले, किल्ली नवी करून घेतली, काशीमीऱ्याहून दुसऱ्याच कुठल्या गाडीचं हँडल आलं. कार्बोरेटर धुऊन झाला. मी दोनदा खोकले, धूर सोडला आणि चालू झाले. तेव्हा मात्र उत्तमने रुमाल काढून तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिला. मग त्याने मला साइड स्टँडवर तोलून धरलं. अंबिकाने चाक फिरवत फिरवत चेनला तेल सोडलं. चार हात होते, काम लगेच झालं.

आता आम्ही पूर्वीसारखे लांब जात नाही. रविवारी सकाळी धाकूदादांच्या पत्नी, शालनवहिनी, वर येऊन मनोरमाबाईंजवळ बसतात, तेवढ्या वेळात घोडबंदरला जाऊन येतो. खाडीच्या वाऱ्यात अंबिका अजून 'उत्तम, तू' म्हणते. परतीच्या वाटेवर मात्र आता 'अहो' होत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, चादरीखाली झाकलेली, हळूहळू खुंटी झालेली. आणि एखादं माणूसही असेल. झाकून ठेवलं म्हणजे जपलं असं समजू नका. त्यांना जरा हलवा, उन्हात आणा, त्यांच्यासाठी वेळ काढा. एकट्याने जमत नसेल तर दुसऱ्याला हाक मारा. आमचं गंजणं तिथेच थांबतं.

गल्लीच्या वळणावर उत्तम मला क्षणभर थांबवतो. तिघंही वर बघतो. ग्रिलमागे मनोरमाबाई उभ्या असतात. त्यांच्या दोन्ही मुठींत माझं जुनं हँडल असतं. मग त्या एक हात सोडतात आणि आम्हाला जा म्हणतात.