बुडाला आड असलेले जहाज

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. हळ्ळीखेडला काशप्पा सुताराच्या कारखान्यात, वाकस, पटाशी अशा सुतारी हत्यारांच्या शेजारी एका फळीवर मी पडून असते. वय अवघे दहा वर्षांचे, पण एवढ्या दहा वर्षांत मी इतक्या वेळा हादरले आहे की माझी शिवण अजून टिकली याचेच मला नवल वाटते.

शाळेतल्या किशनराव मास्तरांनी सन १९३८ मध्ये मला हुमनाबादच्या बाजारातून आणले. मला वाटले, आता माझ्यावर वळणदार अक्षरात कविता उतरतील, निदान उजळणी तरी. मास्तरांनी मला थेट या कारखान्यात आणले. काशप्पाने कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या पहिल्याच पानावर एक युद्धनौका काढली! मी थक्क झाले. इथून आठ दिवस बैलगाडी हाकली तरी समुद्र दिसायचा नाही, आणि दोघांपैकी एकानेही तो कधी पाहिलेला नव्हता.

हळूहळू मला खेळ कळला. बीदरच्या सुलतानांचे राज्य कधीकाळी समुद्राला भिडलेले होते. पुढे ते फुटले. "समज, ते फुटलंच नसतं," मास्तर म्हणायचे, "तर आज आपल्या आरमारात कोणती जहाजं असती?" ती जहाजे हे दोघे माझ्यावर काढायचे. काशप्पाला अक्षर येत नव्हते, म्हणून चित्र त्याचे आणि लिखाण मास्तरांचे. जहाजाला नाव द्यायचे ते आपल्या मुलखातल्या गावाचे. नावाखाली तोफा किती, माणसे किती, हे लिहायचे. मग अमावास्येला, म्हणजे काशप्पा हत्याराला हात लावत नसे त्या दिवशी, अंगणात चुन्याने समुद्र आखायचा आणि कवड्या टाकून लढाई खेळायची. दोन प्रौढ माणसे मातीत गुडघे टेकून ओरडायची, आणि काशप्पाची बायको राजूबाई कपाळाला हात लावायची. तेव्हा माझा किती मान होता म्हणून सांगू! मला उघडण्याआधी काशप्पा हात धुऊन यायचा.

आठ वर्षांत अठ्ठावीस जहाजे झाली. अठ्ठाविसावे होते 'मन्नाएखेळ्ळी'. बारा तोफा, तीनशे माणसे. काशप्पाने त्याच्या मधोमध चक्क एक आड काढला होता, वर रहाट, आणि खाली जहाजाच्या बुडालाच भोक.

मास्तर ते पाहून उडालेच. "अरे, बुडाला भोक?"

"तीनशे माणसाला पानी कुटनं आनायचं, मास्तर? खाली हाय की ढीगभर. गाळून घेतील. आडाचा काठ उंच बांदलाय, पानी वर येत न्हाई."

"बुडेल ते! सुतारानं चाकं करावीत. जहाजाचं तुला काय कळतंय?"

मी शहारले. आठ वर्षांत 'सुतार' म्हणून हिणवणारा असा शब्द अंगणात कधी आला नव्हता. मास्तर चपला घालून निघून गेले, आणि दोन वर्षे त्यांनी कारखान्याची पायरी चढली नाही. काशप्पाने एवढेच केले की ते जहाज हातभर लांबीचे कोरले. पाण्यात बुडणाऱ्या जड खैराचे, पण आतून पोकळ, वर खिळ्यांच्या बारा तोफा, पोटात तो आड. ते पाण्यात मात्र कधी घातले नाही. मला आणि त्याला एकाच फळीवर ठेवले, आणि आमच्यावर भुसा साचू लागला.

मग १९४८ चा उन्हाळा आला. आमचे संस्थान वेगळे राहायचे म्हणून अडून बसले होते, दिवस वाईट होते. हत्यारांसाठी घरोघरी झडत्या चालल्या होत्या. एका सकाळी अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे अधिकारी, शिपाई घेऊन कारखान्यात शिरले. एका शिपायाने मला उचलले आणि मराठी अक्षरे लावत मोठ्याने वाचू लागला, "जनवाडा, तोफा आठ, माणसं दोनशे. मन्नाएखेळ्ळी, तोफा बारा, माणसं तीनशे."

मित्रांनो, माझे रक्त गोठले. मला रक्त नाही, तरी गोठले. माझ्या अंगावर खेळ लिहिला आहे असेच मी दहा वर्षे समजत होते, आणि आता तोच माझ्या काशप्पाच्या गळ्याला फास होऊन बसला होता.

"मन्नाएखेळ्ळी में बारा तोपां?" अमीन गरजले. "किधर छुपाए, बोलो!"

"न्हाई सायेब, जहाजं हायती ती. खेळातली. किशनराव मास्तरला इचारा."

मास्तरांना शाळेतून आणले. ते उंबऱ्याशी उभे राहिले. 'मला ठाऊक नाही' एवढे म्हटले असते तर ते सुटले असते. शिवाय दोन वर्षांचा राग होताच. मी पाने घट्ट मिटून घेतली.

"अक्षर माझं आहे," मास्तर म्हणाले. "खेळही दोघांचा."

अमीनसाहेबांनी फळीवरचे लाकडी जहाज उचलले, त्याच्या बुडाच्या भोकातून पलीकडे पाहिले आणि हसले. बैलगाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवली की ती गार करायला अंगणात पाण्याचा हौद भरलेला असतो. त्याकडे बोट करून ते म्हणाले, "जहाज है तो तैरेगा. डूबा, तो दोनों चलो ठाणे."

जहाज बुडणार याची मास्तरांना खात्री होती. "साहेब, दुसरं कुठलंही करून दाखवतो, हे नको," ते म्हणाले. कोणी ऐकेना. तेव्हा ते काशप्पाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "बुडालं तर मलाबी न्या. मी मागं न्हाई सरायचा." गडबडीत मास्तरांची शाळेतली भाषा सुटली होती.

काशप्पाने जहाज पाण्यावर ठेवले. भोकातून बुडबुडा आला. आडात पाणी चढू लागले, भराभर चढले. राजूबाईने डोळे मिटले.

आणि काठाच्या दोन बोटे खाली ते पाणी थांबले. जहाज तरंगत राहिले, बारा तोफांसकट.

अमीनसाहेबांनी ते बोटाने दाबून पाहिले, ते परत वर आले.

"नाल्याकाठच्या आडात नाल्याएवडंच पानी ऱ्हातंय, सायेब," काशप्पा हळूच म्हणाला. "भाईर जेवडं, आत तेवडं. वर कामून यील?"

अमीनसाहेबांनी मला जमिनीवर टाकले आणि ते शिपायांना घेऊन निघून गेले. मास्तर मात्र हौदाकडे पाहत खिळून उभे होते. मग तेही काशप्पाकडे न पाहता गेले.

"मास्तरचा राग गेला न्हाई," काशप्पा म्हणाला.

चार दिवसांनी काशप्पा बाहेरगावी असताना मास्तर आले. राजूबाईकडून मला मागून घेतले, शेवटच्या पानावर तीन ओळी लिहिल्या आणि मला परत दिले. त्याच आठवड्यात ते बायकामुलांना घेऊन संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे सोलापूरला नातेवाइकांकडे गेले. आता राज्य बदलले, अमीनसाहेब गेले, रस्ते खुले झाले, पण मास्तर आलेले नाहीत.

काशप्पाने ते पान पाहिले आहे. "लोकाला वाचाय सांगू का?" राजूबाईने विचारले. तो म्हणाला, "नगं. माज्या चुका काडल्या आसतील. चारचौघांत कशाला?" अजूनही दर अमावास्येला तो अंगणात चुन्याचा समुद्र आखतो, कवड्या मांडतो आणि वाटेकडे पाहत बसतो. मास्तरांनी आपणहून यावे, एवढेच त्याला हवे आहे.

त्या तीन ओळी अशा आहेत:

"काशप्पा, तुझा आड बरोबर होता. पाण्यात न घालताच मी तुझं जहाज बुडवलं. तोंड दाखवायची लाज वाटते, पण तू निरोप धाडलास तर त्याच दिवशी निघतो."

मित्रांनो, मला अक्षरे आहेत, आवाज नाही. तुम्हाला वाचता येते. कधी हळ्ळीखेडवरून जाल तर या कारखान्यात या, माझ्यावरचा भुसा झटका, आणि शेवटचे पान मोठ्याने वाचा. काशप्पाला हल्ली ऐकू कमी येते.