कोळंबीच्या टरफलांची पूड

गुणाजी परब गिरणीच्या रंगखात्यात एकोणीस वर्षं होते. गिरणी गेल्यावर मिळेल ती कामं केली आणि आता दिंडोशीला मुलाकडे निवांत राहत होते.

शेजारची नीलम केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला होती. कोळंबी सोलली की टरफलं टाकू नका, मला द्या, असं तिनं अख्ख्या मजल्याला सांगून ठेवलं होतं. टरफलं धुऊन-वाळवून, आधी ॲसिडात आणि मग कॉस्टिकमध्ये शिजवून तिनं कॉलेजात पांढुरकी पूड केली. ती पाण्यातला रंग ओढून घेते, हा तिचा प्रोजेक्ट. कॉलेजात पूड झकास चालली. मरोळच्या राजेश नावाच्या माणसाच्या कापड रंगवायच्या कारखान्यातलं निळं सांडपाणी आणून टाकलं, तर तीनदा करूनही ढिम्म. पाणी निळं ते निळंच.

चौथ्या दिवशी ती बाटली घेऊन जिन्यात बसलेली दिसली, तेव्हा गुणाजींनी काय झालं ते विचारलं. सगळं ऐकून त्यांनी थोडं पाणी तळहातावर घेतलं, बोटानं चोळलं. साबणासारखं बुळबुळीत लागलं.

"ह्येच्यात सोडा आसा, बाय," ते म्हणाले. "सुतावर रंग बसाक घालतत. आमी गिरणीत मागसून कापड आंबट पाण्यातून काढायचो, सोडा मारूक. तुजी पूड आंबटात चलता की सोड्यात?"

नीलम हसायलाच लागली. पूड आंबटसर पाण्यातच रंग धरते, हे तिनं स्वतःच्या वहीत लिहिलेलं होतं. कॉलेजातल्या पाण्यात सोडा नव्हता, म्हणून प्रश्नच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती गुणाजींना मरोळला घेऊन गेली. बादलीभर सांडपाण्यात थोडं थोडं व्हिनेगर घालायचं आणि आंबटपणा दाखवणारी कागदाची पट्टी बुडवून बघायचं, असं बराच वेळ चाललं. मग पूड टाकली आणि दोघांनी आळीपाळीनं ढवळलं. पाऊण तासानं फडक्यातून गाळलं, तर पाणी नुसतं फिकुटलेलं. नीलमचा चेहरा पडला. गुणाजींनी तिला पूड दुप्पट घ्यायला लावली. या खेपेला फडक्यावर निळा गाळ साचला आणि खाली जे पाणी आलं, त्यातून बादलीचा तळ स्वच्छ दिसत होता.

राजेशनं वाकून बघितलं, हात घातला. रंगवताना घातलेलं मीठ यात अजून आहेच, पिता येणार नाही, असं नीलमनं आधीच सांगून टाकलं. पिणार कोण, कापडाच्या पहिल्या धुण्याला चालेल, असं म्हणून त्यानं मागचा एक रिकामा पिंप तिला वापरायला दिला.

आता दर शनिवारी मरोळच्या मासळीवाल्या मालनबाई टरफलांची गोणी बाजूला काढून ठेवतात. गुणाजी पिंपाशेजारी स्टुलावर बसून नीलमला व्हिनेगर घालणं कधी थांबवायचं ते सांगतात. ती बहुतेक वेळा ऐकते. ऐकलं नाही, तरी त्यांना त्याचं काही वाटत नाही. चहा आला की दोघं आधी चहा पितात.