दोरीवरच्या पट्ट्या

सव्वीस वर्षं बंद पडलेली आमची दगडी वाइनरी यंदा नव्या मालकीणबाईंनी सुरू केली. त्यांच्या खापरपणजोबांनी बांधलेली. मी तिथला पिंपवाला, लाकडी फळ्या वाकवून पिंपं बांधायचो. बायको हौदांवर कामाला होती. मजूर तिला पताकावाली म्हणायचे.

लाल वाइनला रंग येतो सालांचा. द्राक्षं चुरडून सालांसकट आंबवतात. सालं लवकर काढली तर वाइन फिकी, उशीर झाला तर तुरट. दिवस बायको ठरवायची. रोज सकाळी सुती कापडाची एक पट्टी रसात बुडवून सावलीत दोरीवर वाळवायची. आजची पट्टी कालच्यापेक्षा गडद दिसेना झाली, की म्हणायची, "बस. सालांनी दिलं सगळं."

यंदाची द्राक्षं चुरडल्यापासून सातव्या दिवशी मालकीणबाई माझ्या घरी आल्या. "काका, यंत्र आकडे देतंय. पण जुन्या वहीत 'पट्टी बघून' एवढंच लिहिलंय. पहिला हौद आहे, बिघडला तर घरचे मला दारात उभं करणार नाहीत."

मी गेलो. त्यांनी कोरं पांढरं कापड आणलं होतं. रंग त्यावर डागाडागांनी बसला.

"नवं नाही चालत," मी म्हणालो. "धुऊन धुऊन विरलेलं सुती लागतं."

"आमच्याकडे सगळं बिनइस्त्रीचं, पॉलिस्टरचं हो काका! हौदावरच्या बायकांनाही विचारलं, त्यांच्याकडेही तेच. तुमच्याकडे असेल?"

"नाही," मी खोटं बोललो.

होता. बायकोच्या उशीचा अभ्रा. ती जाऊन चौदा महिने झाले. तिचे कपडे मुलीने आवरले, तेव्हा एवढा मी मागे ठेवला होता. धुतला नव्हता, कारण त्याला तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. आणि तेलकट कापड रंग धरत नाही. म्हणजे पट्ट्या करायच्या तर आधी उकळायला हवा.

घरी येऊन उशीजवळ बसलो. ती असती तर काय म्हणाली असती ते स्पष्ट ऐकू आलं. "अहो, शी! चौदा महिने एकच अभ्रा? आणि तिकडे त्या पोरीचा हौद वाया घालवताय?" एकटाच हसलो. मग पातेलं चुलीवर ठेवलं.

पाणी निवल्यावर अभ्रा पिळला आणि नाकाला लावला. साबणाचा वास आला. मग सरळ उभ्या पट्ट्या फाडल्या, ती फाडायची तशा.

आठव्या दिवसाची पट्टी गुलाबी, नवव्या दिवसाची लाल. दहाव्या दिवसाची जांभळट. अकराव्या दिवसाची पट्टी वाळल्यावर मालकीणबाईंनी ती आणि दहाव्याची, दोन्ही उजेडात धरल्या.

"काका, मला तर जुळ्या वाटतायत. तुम्ही सांगा."

मी दोनदा पाहिलं. "बस," म्हणालो. "सालांनी दिलं सगळं."

सालांपासून वाइन वेगळी करायला त्यांनी लगेच हौदाची तोटी उघडायला सांगितली. वाइन कशी होईल ते पिंपात वर्षभर राहिल्यावर कळेल. पिंपं मीच दुरुस्त करतोय.

शेवटची पट्टी मी मागून घेतली. ती उशीवर ठेवली आहे. तिला आंबलेल्या द्राक्षांचा वास येतो. हौदावरून घरी आल्यावर बायकोच्या हातांना यायचा, तसाच.